घरशिक्षणाची आखणी आणि नोंदी : आधी थोडं लिहा, मागाहून भरपूर

सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा नऊ वर्षांचा, तिसरी झाल्यावर शाळा थांबवली, या जूनपासून घरीच शिकवतायत. वर्षाची आखणी कशी करायची आणि नोंदी किती ठेवायच्या? उद्या पुन्हा शाळेत घालावंसं वाटलं किंवा थेट दहावीला बसवायचं ठरलं, तर कुठले कागद लागतील? सासरे रोज विचारतात की पोरगं दिवसभर घरात करतं काय, त्यांना काय दाखवायचं? आणि हे सगळं वहीत लिहायचं की ॲपवर?

ताई, माझी दोन्ही मुलं घरीच शिकली. गेली बारा-तेरा वर्षं पुण्यात आणि आसपासच्या घरांना मी याच कामात मदत करते. जूनमध्ये सगळे आखणीचंच विचारतात आणि गणपतीपर्यंत त्यातले निम्मे थकून जातात. रंगीत वेळापत्रक भिंतीवर लागतं, तासावार विषय ठरतात. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी पाहुणे येतात आणि आईला वाटायला लागतं की आपल्याला हे झेपत नाही. खरं तर त्या चार दिवसांत मूल काय काय शिकलं हे कुणी लिहिलेलंच नसतं. म्हणून माझं सांगणं उलटं असतं. आखणी ढोबळ ठेवा आणि पेन्सिलीनं लिहा. जे घडलं ते त्याच दिवशी पेनानं लिहा. पुढच्या आठवड्यात काय घ्यायचं हे त्या नोंदीतूनच निघतं.

पण आधी दाखल्याचं काम उरका, ते थांबण्यासारखं नाही. मुलाला पाठवणं नुसतं बंद केलं असेल आणि शाळा सोडल्याचा दाखला घेतला नसेल, तर तो घ्या. नाहीतर पटावर नाव तसंच राहतं. दाखला हातात घेण्याआधी शाळेतली मूळ नोंद बघून घ्या: नाव-आडनावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात-पोटजात, रजिस्टर नंबर, स्टुडंट आयडी. जन्मदाखला आणि आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. जातीचा दाखला काढताना शाळेच्या दाखल्यावरची नोंद बघतात आणि तुमचा मुलगा पुढची काही वर्षं कुठल्याच शाळेच्या रजिस्टरमध्ये नसणार. म्हणजे त्याच्या नावाचा शाळेतला हाच एक कागद. चूक असेल तर दाखला निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या, नंतर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत खेटे घालावे लागतात. मूळ दाखला, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि तिसरीचं प्रगतिपुस्तक एका पाकिटात ठेवा आणि ते पाकीट रोजच्या फाइलीत अजिबात घालू नका.

कायद्याची धाकधूक प्रत्येक घरात असते, तेव्हा तेही सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा या कायद्यात कुठेही नाही. घरशिक्षणाचं नाव घेऊन त्यात परवानगी दिलेली नाही आणि बंदीही घातलेली नाही. त्यामुळे तुम्हाला कुणाकडे नोंदणी करावी लागत नाही, तसंच वर्षाच्या शेवटी कुणी प्रमाणपत्रही देत नाही. तुमच्याजवळ असते ती तुमची फाइल. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली होती आणि तशी शोधमोहीम अधूनमधून निघते. दारात शिक्षक आले तर वाद घालू नका, घाबरूही नका. आत बोलवा, फाइल पुढे ठेवा, मुलाला बोलू द्या. ते स्वतः वर्गावर शिकवतात. पोराच्या वह्या चाळल्या की त्यांना कळायचं ते कळतं.

आता आखणी. वर्षाची आखणी एका पानावर मावली पाहिजे, त्याहून मोठी झाली तर ती पाळली जात नाही. मी वर्ष महिन्यांत पाडत नाही, आपल्या घरात ते जसं पडतं तसंच पाडते: जून ते गणपती, गणपती ते दिवाळी, दिवाळी ते संक्रांत, संक्रांत ते पाडवा. उन्हाळा वेगळा. प्रत्येक टप्प्याला विषयागणिक एक-दोन ओळी, बस्स. उदाहरणार्थ पहिल्या टप्प्यात: मराठीत जोडाक्षरांसह अनोळखी मजकूर न अडखळता वाचणं, गणितात दोन अंकी संख्येनं गुणाकार, परिसर अभ्यासात पाऊस आणि शेती. पाऊस मोजायचा असेल तर तो पावसाळ्यातच मोजावा लागतो, म्हणून टप्पे ऋतूंप्रमाणे पाडलेले बरे. सरळ बाजूंची काचेची बरणी अंगणात झाडापासून लांब ठेवायची, रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीनं पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची, लिहायची, बरणी ओतून टाकायची. सप्टेंबरअखेर मुलाच्या हातात त्याच्या स्वतःच्या आकड्यांचा आलेख असतो आणि त्यात बेरीज, दशांश, भूगोल सगळं येऊन गेलेलं असतं.

काय शिकवायचं याची यादी स्वतः बनवत बसू नका. बालभारतीची चौथीची सगळी पुस्तकं घ्या. ती ई-बालभारतीवर फुकटही मिळतात. पुस्तकाच्या सुरुवातीला त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती छापलेल्या असतात, म्हणजे वर्षाअखेर मुलाला काय यायला हवं ते. ती पानं प्रिंट करा आणि प्रत्येक निष्पत्तीपुढे दोन रिकामे रकाने आखा. पहिल्यांदा आलेलं दिसलं ती तारीख एका रकान्यात, आणि निदान महिनाभरानं पुन्हा न सांगता आलेलं दिसलं ती दुसऱ्यात. दुसरी तारीख पडल्याशिवाय 'आलं' म्हणायचं नाही. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिकवायची सक्ती तुमच्यावर नाही, पण ही यादी सोडू नका. पुढे शाळेत जायचं झालं तर समोरचा माणूस हीच भाषा बोलतो. चौथीला शिवचरित्र असतं. तुम्ही सांगलीकडे आहात, पन्हाळा एका दिवसात होतो. सिद्दी जौहरचा वेढा वाचून मग तटावर उभं राहिलेल्या मुलाला पावनखिंड कुठल्या दिशेला हे विचारून बघा, आणि तो जे बोलेल ते परतीच्या गाडीतच लिहून घ्या.

किती तास, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येतोच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास दिलेत, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे प्राथमिकला दिवसाला चार तास, आणि तेही भरलेल्या वर्गाला धरून. हजेरी, वह्या तपासणं, मागच्या बाकाला गप्प करणं हे सगळं त्यातच आलं. घरी एकटं मूल असताना नऊ वर्षांच्या मुलाला बसून करायचं काम दीड-दोन तास मला पुरेसं वाटतं. तरीही दिवसांचा आकडा मी मोजायला सांगते. कॅलेंडरवर काम झालेल्या दिवसावर एक टिंब द्या. वर्षाला २०० टिंबं झाली की कुणीही 'मूल नुसतं घरी बसलेलं' असं म्हणू शकत नाही.

रोजच्या नोंदीकडे वळते, कारण माझा खरा जीव तिथे आहे. नोंद म्हणजे 'गणित झालं, मराठी झालं, चित्र काढलं' नव्हे. असली नोंद महिनाभरानं वाचली तर तुम्हालाच काही सांगत नाही. एका घरातली नोंद इथे देते, मुलगा तुमच्याच मुलाच्या वयाचा, आठवडी बाजाराचा दिवस:

'मिरची पाव किलो, ८० रुपये किलो. लगेच २० म्हणाला. भेंडी पाऊण किलो, ६० रुपये किलो. आधी ४० म्हणाला. भाजीवाल्या मावशी हसल्या, तो गप्प झाला. मग बोटावर पाव, पाव, पाव केलं : १५, १५, १५. "पंचेचाळीस!" मी काही सांगितलं नाही. घरी आल्यावर पाऊण म्हणजे किती हे लिहायला सांगितलं तर ३/४ ऐवजी ४/३ लिहिलं.'

सहा-सात ओळी, लिहायला चार मिनिटं. पण यातून काय काय कळतं बघा. पाव त्याला हिशेबात येतो. पाऊण म्हणजे तीन पाव हे तो स्वतः शोधून काढतो, म्हणजे समज आहे. लिहिण्यात वरचा आकडा आणि खालचा आकडा कशाचा, तिथे गोंधळ आहे. पुढच्या आठवड्याची आखणी इथे तयार झाली. अपूर्णांक पहिल्यापासून शिकवायची गरज नाही, तोंडी व्यवहार चालू ठेवायचा आणि फक्त लिहिण्यावर बसायचं. त्या आईनं कागदाच्या पट्ट्या घडी घालून चार दिवस तेवढंच केलं. वेळापत्रकात त्या आठवड्याला 'भागाकार' होता, तो तिनं खोडून पुढे ढकलला. पेन्सिलीनं लिहायचं ते याचसाठी.

नोंदीत एक खूण मी सगळ्यांना लावायला सांगते. मुलानं आपलं आपण केलं तर 'स्व', मदतीनं केलं तर 'म', तुम्ही करून दाखवल्यावर केलं तर 'दा'. वहीच्या पानावर कोपऱ्यात तारीख आणि ही खूण, दोन्ही नेहमी. तारीख नसलेला कागद वर्षभरानंतर निव्वळ रद्दी असतो. चौथीतलं अक्षर आणि पाचवीतलं अक्षर तुम्हाला ओळखू येईल असं वाटतं, पण येत नाही.

आणि कच्चं काम फेकू नका. माझ्या मोठीच्या वेळी मी फक्त नीटनेटकं ठेवलं: सुवाच्य निबंध, रंगवलेले नकाशे, बरोबर आलेली गणितं. सहावीला तिला शाळेत जावंसं वाटलं, तेव्हा मी ती फाइल घेऊन गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे सगळी पानं चाळली आणि विचारलं, 'हे सगळं हिनंच केलंय हे मी कशावरून समजू?' त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. निबंधाचा पहिला खर्डा, त्यातली खाडाखोड, चुकलेलं गणित आणि शेजारी तिनंच दुसऱ्या दिवशी केलेलं बरोबर गणित, हे सगळं मी रद्दीत घातलं होतं. मुलीला परीक्षेला बसवलं, ती पास झाली, प्रवेश मिळाला. पण ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून तिनं मला विचारलं, 'आई, त्यांना खोटं वाटलं का?' ते मी विसरू शकत नाही. धाकट्याच्या वेळी प्रत्येक मोठ्या कामाचे तीन कागद ठेवले: पहिला खर्डा, मधला, शेवटचा. एकत्र टाचून. अशा कामाला 'कुणी केलं' हे कुणी विचारत नाही.

हे साठत जातं, म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तासभर द्या. महिन्याच्या कागदांतून दहा निवडा, त्यातले निदान तीन मुलानं निवडलेले असू देत, आणि ते का निवडले हे त्यानं एका ओळीत मागे लिहावं. बाकीचे कच्चे कागद वर्षभर खोक्यात, फेकायचे ते पुढच्या जूनला. मोबाइलमधले फोटो त्याच दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेच्या नावानं टाका आणि पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा. आणखी एक मला फार मोलाचं वाटतं: दर एक तारखेला मुलाचं एक मिनिट मोठ्यानं वाचन फोनवर रेकॉर्ड करा, दर वेळी न वाचलेल्या मजकुराचं. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक त्यासाठी उत्तम. जूनचं आणि मार्चचं रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकलंत की वाचन किती पुढे गेलं ते कानांना कळतं.

वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि पाडव्याच्या सुमारास, दोन पानी अहवाल लिहा. २०१० पासून आपल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे नुसत्या परीक्षेवर न थांबता वर्षभर मुलाकडे बघत राहणं, आलं आणि शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी कराव्या लागू लागल्या. तुम्हीही तशाच लिहा, पण त्या मुलाला बघून लिहिलेल्या असाव्यात. 'वाचन चांगले आहे, प्रगती समाधानकारक' यातून काही कळत नाही. 'गोष्टीचा अनोळखी मजकूर ओघानं वाचतो. "उत्स्फूर्त", "दुष्काळग्रस्त" अशा शब्दांना थांबतो, तोडून वाचतो. वाचलेल्याचा सारांश तोंडी सांगतो, लिहायला मात्र टाळाटाळ करतो' असं लिहा. जे येत नाही तेही लिहा. उणिवा लिहिलेला अहवाल वाचणाऱ्याला खरा वाटतो. सोबत बाहेरच्या माणसाचे पुरावे जोडा: गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा, हिंदीच्या परीक्षा, तालमीत किंवा पोहायला जात असेल तर तिथल्या सरांची चार ओळींची चिठ्ठी, वाचनालयाचं कार्ड. हे कागद घराबाहेर तयार झालेले असतात, म्हणून त्यांना वेगळं वजन असतं.

सासऱ्यांचं म्हणाल तर त्यांचा प्रश्न मनावर घेऊ नका, पण उडवूनही लावू नका. नातवाच्या काळजीनंच ते विचारतात. शनिवारी संध्याकाळी मुलालाच आठवड्याची वही घेऊन आजोबांसमोर बसवा, आणि आजोबांना म्हणा, 'तात्या, तुम्ही काय पाहिलंत ते एका ओळीत लिहा, खाली सही करा.' एका घरी निवृत्त तलाठी असलेल्या आजोबांना असंच बसवलं. दिवाळीनंतर त्यांनी नातवाला सातबारा वाचायला शिकवला: गट नंबर, हेक्टर-आर, पीकपाहणी. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आपलं रान किती गुंठे, असले हिशेब सुरू झाले. त्या फाइलीत त्या आजोबांच्या अक्षरातलं ते पान मी पाहिलंय.

पुढचे रस्ते. पुन्हा शाळेत घालायचं झालं तर कायद्याचं कलम ४ आहे: सहा वर्षांवरच्या, शाळेत नसलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात घ्यायचं असतं. याला वयानुरूप प्रवेश म्हणतात. जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळांत हे सहज होतं. खासगी शाळा बहुधा आपली चाचणी घेतात, तिथे अहवाल आणि टाचलेले खर्डे उपयोगी पडतात. मधल्या मधे एखादी मान्य परीक्षा हवी असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या अ, ब, क पातळ्या आहेत, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. राज्य मंडळाचं मुक्त विद्यालयही पाचवी आणि आठवी घेतं. सगळ्या द्यायची गरज नाही. पण आठवीची एक दिलेली मला बरी वाटते, मुलालाच तीन तास बसून लिहायची सवय होते.

दहावीला दोन वाटा. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो सांभाळायला सांगितलं त्याचं हेही एक कारण. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. तिथे दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, आठवी-नववीचं प्रमाणपत्र नसेल तर दहावी करण्याइतका अभ्यास झालाय असं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं. निदान पाच विषय, मराठी माध्यमही आहे, वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि नऊ संधी मिळतात, त्यामुळे एका बैठकीत दोनच विषय देणारी मुलंही आहेत. विषयागणिक लेखी स्वाध्याय असतात, त्यांना २० टक्के वजन आहे. बरेच पालक ते शेवटच्या आठवड्यात उरकतात, तसं करू नका.

परीक्षाच टाळायच्या, असं म्हणणारे पालकही भेटतात. २०१६ साली मुंबईच्या मालविका जोशीची बातमी सगळीकडे आली होती. घरी शिकलेली मुलगी, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीत तिला जागा नव्हती आणि अमेरिकेत एमआयटीनं घेतली. तिचं कौतुक मला मनापासून आहे. पण तशी पदकं हाताशी नसतील तर आपल्याकडची जवळजवळ सगळी दारं अजून दहावी-बारावीच्या कागदानंच उघडतात. मुलगा चौदाचा झाला की हा निर्णय त्याच्याशी बसून करा, आत्ता नको.

राहिलं वही की ॲप. मी दोन्ही वापरून पाहिलं. ॲपमध्ये फोटो छान राहतात, पण रात्री आठला ओटा आवरताना फोन हातात घेतला की दहा मिनिटं भलतीकडे जातात आणि नोंद राहते. दोनशे पानी लाँगबुक घ्या, स्वयंपाकघरात दोरीला पेन बांधून ठेवा. उजव्या पानावर तुमची नोंद, डावं पान रिकामं. पुढच्या आठवड्याची पेन्सिलीतली आखणी तिथे येईल, आणि कधीतरी मुलगाच तिथे काहीतरी लिहील. माझ्या धाकट्यानं एकदा माझ्या नोंदीसमोर डाव्या पानावर लिहिलं होतं, 'मला येत होतं, तू थांबली नाहीस.' दुसऱ्या दिवशी मी थांबले, आणि त्यानं ते गणित केलं.